घर बदलल्यानंतरचे सहा महिने: पैसा कुठे थांबवायचा, कुठून आणायचा

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही नारायण पेठेतली दोन खोल्यांची जागा सोडली आणि कर्वेनगरला, जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घेतलेल्या रीसेल फ्लॅटमध्ये राहायला आलो. सामानाचा टेंपो गेटबाहेर पडायच्या आत वॉटर प्युरिफायरवाल्याचा फोन आला. मग नेटवाला, मग किचन ट्रॉल्यांवाला, मग पडदेवाला. आमचा नंबर कुणी वाटला ते वॉचमनच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. पहिल्या आठवड्यात दीड लाखाची कोटेशनं गोळा झाली आणि खोकी अजून हॉलमध्येच होती.

नव्या घरात पैसा जातो तो बहुतेक घाईपायी. कुठल्या खिडकीतून ऊन येतं, पाणी किती वाजता जातं, कपाट कुठे अडतं हे कळायच्या आत आपण खर्च करून मोकळे होतो. म्हणून कामं या क्रमाने करा. आधी गळती बंद, मग विक्री, मग जमलं तर कमाई, आणि खरेदी सगळ्यात शेवटी.

किल्ली हातात आली त्या दिवशी

विजेच्या मीटरचा रीडिंगसकट फोटो काढा. पाइप गॅस असेल तर त्याही मीटरचा. आधीच्या मालकांकडून शेवटचं वीजबिल, मिळकतकराची पावती आणि सोसायटीचं 'काही येणं बाकी नाही' असं पत्र घ्या. हे सगळं त्याच दिवशी घ्यायचं, कारण पैसे पोचल्यावर माणसं फोन उचलायला वेळ लावतात.

वीजजोडणी लवकरात लवकर आपल्या नावावर करून घ्या. महावितरणकडे जे सुरक्षा अनामत असतं त्यावर वर्षाला व्याज मिळतं आणि ते बिलातच वळतं होतं. जोडणी दुसऱ्याच्या नावावर राहिली तर अनामतीचा घोळ पुढे वाढतो. नाव बदललं की 'गो ग्रीन'ला नोंदणी करा. कागदी बिल बंद होतं आणि दर बिलामागे 10 रुपये सुटतात. बिल आल्यावर सात दिवसांत भरलं तर एक टक्का तत्पर भरणा सवलत मिळते. रक्कम लहान आहे, पण एकदा सवय लागली की त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

गॅसचं कनेक्शन नवीन घेऊ नका, जुनंच जवळच्या एजन्सीकडे बदलून घ्या. नव्या घरी एमएनजीएलचा पाइप गॅस असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करा. मूळ कनेक्शनच्या पावतीवर जे डिपॉझिट छापलेलं असतं ते परत मिळतं. आमची पावती सासूबाईंच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडली. जुन्या काळातली रक्कम, फार नव्हती, पण आपलीच होती.

सोसायटी हस्तांतरणाला किती मागू शकते

इथे मी थोडी भांडले, आणि भांडणं बरोबर होतं. सहकारी गृहनिर्माण सोसायटीला सदनिका हस्तांतरणाचा प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25,000 रुपये घेता येतो. तशी मर्यादा राज्य सरकारने 2001 साली घातलेली आहे. त्याशिवाय हस्तांतरण फी 500 आणि प्रवेश फी 100. आमच्याकडे 'इमारत निधी' म्हणून आणखी चाळीस हजार मागितले होते. मी तो नियम छापून नेला आणि विचारलं, "सक्तीची देणगी कुठल्या नियमात बसते तेवढं लेखी द्या." लेखी आलं नाही, आणि मागणीही पुन्हा आली नाही. स्वर चढवायची गरज पडत नाही, शेवटी त्याच लोकांबरोबर कोजागरीचं दूध प्यायचं असतं. एक लक्षात ठेवा: पुण्यात बऱ्याच इमारती सोसायटी नसून 'अपार्टमेंट' म्हणून नोंदलेल्या असतात, त्यांची नियमावली वेगळी असते. आधी आपली इमारत कुठल्या कायद्याखाली आहे ते पाहा.

मिळकतकर: हा कागद विसरू नका

पुणे महापालिका स्वतः मालक राहत असलेल्या घराला मिळकतकरात 40 टक्के सवलत देते. ही सवलत मध्यंतरी बंद झाली होती, 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली. ती लागू करून घ्यायला पीटी-3 नावाचा अर्ज द्यावा लागतो, सोबत आपण स्वतः तिथे राहतो याचा पुरावा. रीसेल घराच्या बाबतीत जुन्या मालकांनी घर भाड्याने दिलेलं असेल तर सवलत आधीच उडालेली असते आणि नवा मालक वर्षानुवर्षं पूर्ण कर भरत राहतो. बिल हातात घ्या आणि सवलतीचा रकाना बघा. या एका अर्जातून जेवढे वाचतात तेवढे पाच वर्षं दिवे बंद करत फिरलात तरी वाचणार नाहीत. शिवाय सोसायटीत सौरऊर्जा, गांडूळखत किंवा पर्जन्यजल पुनर्भरण चालू असेल तर तीही सवलत बिलात दिसायला हवी.

मीटरपाशी काढलेली एक रात्र

पहिलं पूर्ण बिल आलं ते पेठेतल्या बिलाच्या दीडपट. माणसं तीच, फ्रिज तोच. तेव्हा जे केलं ते सविस्तर सांगते, कारण याला एक पैसा लागत नाही.

रात्री अकराला घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजचंसुद्धा बटण पंधरा मिनिटांसाठी. माझ्या हातात बॅटरी, मी खाली मीटरच्या खोलीत. नवरा वर, फोन चालू. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि त्याच्याजवळ आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर 3200 आहे. म्हणजे दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. तुमच्या मीटरवर वेगळा आकडा असेल, तो वाचून घ्या. सगळं बंद असताना दिवा गप्प बसायला हवा. आमचा दहा मिनिटांत 16 वेळा लुकलुकला.

16 म्हणजे तासाला 96, दिवसाला 2304. पाऊण युनिटाला जरा कमी. महिन्याला साडेएकवीस युनिटं, आणि घरात एकही दिवा चालू नाही!

मग नवऱ्याने वरच्या बोर्डातले एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे मुख्य स्विच, एकेक करून खाली पाडले. चौथ्याला दिवा थांबला. ती लाइन बाथरूमवरच्या माळ्याकडे जात होती. सकाळी शिडी लावून पाहिलं तर तिथे आधीच्या मालकांनी सोडलेला इन्व्हर्टर. बॅटरी केव्हाच मेलेली, आणि तो बिचारा तिला इमानेइतबारे चार्ज करत बसलेला.

साडेएकवीस युनिटांचं एवढं काय, असं वाटेल. पण घरगुती दरात 100 युनिटांपर्यंत एक भाव असतो आणि 101 ते 300 पर्यंत त्याच्या दुपटीच्या आसपास. आमचा वापर 130 च्या घरात. म्हणजे इन्व्हर्टर खात होता ती सगळी युनिटं महागाच्या भावातली होती. कमी करायची ती नेहमी वरचीच युनिटं कमी होतात, म्हणून शंभरीच्या थोडं वर असलेल्या घरांना या खटाटोपाचा फायदा सगळ्यात जास्त.

बाकीचं थोडक्यात. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट, त्यामुळे आंघोळी एकापाठोपाठ एक उरकायच्या. सेट-टॉप बॉक्स रिमोटने नाही, बटणाने बंद करायचा. स्मार्ट मीटर बसलेला असेल तर सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापराला सवलत मिळते. वॉशिंग मशीन आणि इस्त्री त्या वेळात. गच्चीवर सोलर बसवायचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला तर पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, हे माहीत असू द्या. लिफ्ट आणि पंपाचं बिल शेवटी मेंटेनन्समधूनच जातं.

पाणी

फ्लशच्या टाकीत संध्याकाळी थोडा खायचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलेला आहे. गळक्या नळाखाली तासभर मापाचं भांडं ठेवा. आमच्या सिंकखाली तासाला अर्धा लिटर जमलं, म्हणजे दिवसाला 12 लिटर. वॉशर दहा-वीस रुपयांना मिळतो. ज्या सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर असतात तिथे अशी प्रत्येक घरातली गळती मिळून टँकर वाढतो, आणि तो सगळ्यांच्या बिलात येतो.

खरेदी: तीन महिने हात आखडा

लगेच घ्यायच्या गोष्टी चारच: दाराचं नवं कुलूप (जुन्या किल्ल्या किती जणांकडे आहेत देव जाणे), दिवे, कपडे वाळत घालायची दोरी आणि ओटा-मोरीसाठी लागेल ती किरकोळ दुरुस्ती. बाकी सगळं एका वहीत लिहायचं, तारखेसकट. 'पूर्वेच्या खोलीत पडदा हवा, 3 जून.' महिन्याने त्याच ओळीवर परत नजर टाकायची. आमच्या यादीत 41 ओळी होत्या. तीन महिन्यांनी त्यातल्या 17 उरल्या. शू-रॅक, दुसरा सोफा, बाल्कनीतला झोपाळा हे आपोआप गळालं. किचन ट्रॉल्या मात्र राहिल्या, कारण तोवर कळलं होतं की डावीकडच्या कोपऱ्यात ओल येते. पहिल्या आठवड्यात करून घेतल्या असत्या तर प्लाय फुगला असता.

पश्चिमेच्या बाल्कनीचं उदाहरण घ्या. एसीवाल्याने दीड टनाचा एसी सुचवला होता. एप्रिलमध्ये दुपारी तीन ते सहा तिथे खरंच भाजतं. पण आम्ही बुरूड आळीत माप देऊन बांबूचा पडदा करून घेतला, बाहेरच्या बाजूला लावला, दुपारी त्यावर पाणी मारतो. पुण्याचा खरा उन्हाळा दीड-दोन महिन्यांचा. तेवढ्यासाठी एसी घेणं कुणाला पटत असेल तर घ्यावा, मला पटलं नाही.

पेठांत राहून एक शिकले: प्रत्येक वस्तूची आपली आळी असते. बल्ब, वायर, स्विच, पंखे तपकीर गल्लीत. बिजागऱ्या, कड्या, रंग, हार्डवेअर रविवार पेठेत बोहरी आळीत. लाकूड आणि प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात. सुताराला 'तुम्हीच आणा' म्हटलं की त्याच्या दुकानदाराचं कमिशन आपल्या बिलात येतं. त्याच्याकडून यादी घ्या, त्याला घेऊन स्वतः दुकानात जा, पैसे स्वतः द्या. चहा-वडापाव त्याला जरूर पाजा.

जुनं फर्निचर घ्यायचं तर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बघा, कारण भाडेकरार तेव्हा संपतात. हिंजवडी-खराडीकडची बदली झालेली मुलं चांगली टेबलं आणि खुर्च्या पडेल भावात काढतात. मे-जूनमध्ये तर कॉलेजची मुलं जवळजवळ देऊनच टाकतात. दोन गोष्टी तपासायच्या. पायाशी बोट दाबून पाहा, भुसा दाबून केलेला बोर्ड पाणी लागलं की तिथे फुगतो. आणि गादी किंवा सोफा असेल तर शिवणी उलगडून ढेकूण बघा. बारीक काळे ठिपके दिसले की नमस्कार करून निघायचं. कापडी सोफा आणि गादी तर मी जुनी घेतच नाही, कितीही स्वस्त असो.

विक्री: खोकी उघडताना

नव्या घरातलं खोकं महिनाभर उघडलंच नाही तर त्यात काय आहे ते विकाऊ आहे असं समजा. आधी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका: फोटो, माप, किंमत, 'न्यायला स्वतः यावं लागेल'. किंमत न लिहिता 'बोला' म्हणून टाकलं की चाळीस प्रश्न येतात आणि गिऱ्हाईक एकही नाही. मग ओएलएक्स. तिथे फसवणुकीचा जो प्रकार चालतो तो पक्का लक्षात ठेवा. 'पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असा मेसेज आला की तो माणूस चोर. पैसे घ्यायला कधीही स्कॅन करावं लागत नाही, पिन तर नाहीच.

रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी दोन दुकानांत फोन करून भाव विचारा. वर्तमानपत्र, वह्या आणि खोक्यांचे पुठ्ठे यांचे भाव वेगवेगळे असतात, सगळं एकत्र बांधलं की सगळ्यात कमी भाव लागतो. मी घरचा ताणकाटा घेऊन उभी होते. पहिल्या गठ्ठ्याला त्यांच्या तराजूत सात किलो भरलं, माझ्या काट्यावर आठ पाचशे. ते हसले आणि म्हणाले, "ताई, तराजू जुना झालाय." पुढचे गठ्ठे बरोबर भरले. मेलेली बॅटरी भंगारात देऊ नका, बॅटरीच्या दुकानात वजनावर पैसे मिळतात, कारण आतलं शिसं पुन्हा वापरतात. इन्व्हर्टरने खाल्लेली वीज अशी थोडीफार वसूल झाली. शाळा-कॉलेजची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात जून उजाडायच्या आत न्या, नंतर त्यांना रद्दीचाच भाव. अगदीच किरकोळ लोखंडी-लाकडी वस्तू घेणारे जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी.

तांब्या-पितळेचं निराळं. सासूबाईंचा तांब्याचा बंब पेठेतल्या बाथरूममध्ये शोभत होता, इथे त्याला जागाच नव्हती. मोडीत घातला असता तर वजनाचे चार हजारांच्या आत मिळाले असते. सजावटीचं सामान घेणाऱ्याने साडेसहा दिले. मोडीत फक्त धातूचा भाव मिळतो, वस्तू म्हणून विकली तर कारागिरीचाही. घागर आणि परात मात्र सासूबाईंनी काढू दिली नाही. तांबट आळीत नेऊन चेपलेली बाजू ठोकून आणली आणि परातीला कल्हई केली. बरोबरच होतं त्यांचं, आज दिवाळीत ती परातच कामाला येते.

सगळी विक्री मिळून तेवीस हजारांवर गेली. ते पैसे गृहकर्जात भरले. फ्लोटिंग व्याजदराच्या घरकर्जावर वैयक्तिक कर्जदाराला मुदतीआधी भरण्याचा दंड नसतो. असे सुटे पैसे खात्यात पडू दिले की हॉटेलात विरघळतात.

जागेतून उत्पन्न

कर्वेनगरात महर्षी कर्वे संस्थेची कॉलेजं, त्यांतलंच मुलींचं कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज. खोली शोधणाऱ्या मुली वर्षभर दारात येतात. आम्ही एक खोली एका मुलीला दिली, त्यात जे नीट करायला हवं ते असं.

लिव्ह अँड लायसन्सचा करार, बहुतेक अकरा महिन्यांचा, आणि तो नोंदवायचाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर 0.25 टक्के, त्यात परताव्याच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून मिळवतात. म्हणजे भाडं 8,000 आणि अनामत 16,000 असेल तर शुल्क दोन-तीनशे रुपयांतच. शहरी भागात नोंदणी फी 1,000. हे सगळं ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठा पुरतो. एजंट यासाठी बरेच जास्त घेतात, आणि करतात ते हेच काम. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही ऑनलाइन भरा आणि पोचपावती सोसायटीला द्या.

आख्खा फ्लॅट भाड्याने देऊन दुसरीकडे राहणार असाल तर गणित बदलतं. सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, पण सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. आणि वर सांगितलेली मिळकतकरातली 40 टक्के सवलत जाते. हे दोन्ही वजा केल्याशिवाय भाड्याच्या आकड्यावर खूश होऊ नका. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर भरताना 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, तेवढी जमेची बाजू.

रिकामं पार्किंग द्यायचं तर इमारतीतल्याच सभासदाला, सेक्रेटरींना सांगून. बाहेरच्याला दिलं की दोन महिन्यांत वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे तुमच्याशी बोलणं सोडतात.

स्वयंपाकघरातून उत्पन्न

नव्या इमारतीत ओळख व्हायला खाऊ उत्तम. गेल्या वर्षी गणपतीत मी दहा घरांच्या उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेतल्या, प्रत्येकी 21. घरून अन्नपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, मूलभूत नोंदणी आधी करून घ्यावी, फी नाममात्र आहे. चूक माझी झाली ती भावात. शेजारणीला काय सांगायचं या संकोचापायी 25 रुपये नग लावला.

210 मोदक, 5,250 रुपये. आंबेमोहोर पिठी, नारळ, गूळ, तूप 2,100. डबे आणि गॅस 400. हाताखाली घेतलेल्या मावशींचे 800. उरले 1,950, आणि मी दोन दिवस मिळून 26 तास उभी. तासाला 75 रुपये. कंबर दुखली त्याचे वेगळे.

यंदा 35 सांगितले. तीन घरांनी "बघतो" म्हटलं आणि बघितलं नाही. सात राहिली, म्हणजे 147 मोदक, 5,145 रुपये. सामान 1,470, डबे आणि गॅस 280, मावशींचे 500, कारण दुसऱ्या दिवशी त्यांची गरजच पडली नाही. उरले 2,895, आणि दुपारी दोनला मी ओटा पुसून आरतीला खाली गेले होते.